पिवळ्या वेलांची मुळं

निजामाच्या राज्यात हैदराबादहून वनस्पतिशास्त्र शिकून मी गावी आलो. घराण्यातला पहिला पदवीधर, आणि ते मी ताठ मानेनंच सांगतो. येऊन पाहतो तर आमच्या पानमळ्याच्या एका कडेचे वेल पिवळे पडलेले. खापर वहिनीवर. विटाळशी बाईनं पानमळ्यात पाऊल टाकू नये हा नेम तिनं मोडला म्हणे, म्हणून तिला कायमचं माहेरी धाडायचं घाटत होतं.

मी एक वेल उपटला. मुळं आखूड, टोकं काळी. ब्लेडनं कापून भिंगाखाली धरली, तर पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या तपकिरी होऊन बुजलेल्या. त्याच कडेनं तांबट आळीतलं भांडी धुतलेलं हिरवट तेजाब वाहायचं. मातीत तांबं मुरलं होतं.

"लई शिकलास. आता विटाळबी पुसणार व्हय?" चुलते म्हणाले.

"पुसतो की काका. तुम्ही नुसतं बघा."

दोन कुंड्यांत भिजवलेली मेथी पेरली. एकीत त्या कडेची माती, दुसरीत तेजाब न पोचलेल्या वरच्या अंगाची. वहिनी म्हणाली, "भावजी, पाणी मीच घालणार. अन् बाजूला बसायच्या दिवसांतच घालणार."

पाचव्या दिवशी चुलत्यांसमोर दोन्ही कुंड्यांतली रोपं उपटली. वरच्या मातीतली मुळं लांब, पांढरीशुभ्र. कडेच्या मातीतली खुरटी, काळी. हात मात्र एकच लागलेला.

"काका, आता माहेरी कुणाला धाडता? तांबटाला?"

वहिनीनं खुरपं उचललं आणि कुणाला न विचारता मळ्यात उतरली.