बंडीच्या मापाची ट्राली

मी भित्रा माणूस आहे. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि जो तो त्यावरून मला टोमणे मारतो. पण मशीनची भीती माझी एकट्याची नव्हती, एवढं मी आधीच सांगून ठेवतो.

मशीन म्हणजे धान कापायचा चेनवाला हार्वेस्टर. धाकट्या भावाने हौसेने घेतलेला. आमच्या आंधळगावकडच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांमध्ये, कापणीच्या वेळीही ओल असते. तिथे चाकाची गाडी रुतते, चेनवाली आरामात फिरते. पण हीच चेन डांबरी रस्त्यावर घातली की रस्ताही खराब आणि चेनही. म्हणून एका गावाहून दुसऱ्या गावी मशीन दुसऱ्या गाडीवर चढवून न्यावी लागते. दोन हंगाम भाड्याचा ट्रक केला. यंदा भाऊ म्हणाला, आपल्या ट्रॅक्टरला जोडता येईल अशी स्वतःची ट्रालीच घेऊ.

तेव्हापासून माझी झोप उडाली. गेल्या वर्षी सिहोऱ्याकडे कालव्याच्या पाळीवर अशीच एक मशीन ट्रालीवरून कलंडलेली मी पाहिली होती. चालवणाऱ्याचा पाय तिच्याखाली होता. माणूस वाचला, पण त्याचं ओरडणं माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. माझा भाऊ मशीन चढवतो तेव्हा तशाच सीटवर बसतो.

वेल्डिंगवाल्याकडे दोन ट्राल्या होत्या. एकीची चाकं डाल्याच्या, म्हणजे वजन ठेवायच्या पाट्याच्या, खाली, त्यामुळे डाला ऐसपैस रुंद, पण जमिनीपासून माझ्या छातीएवढा उंच. दुसरीचा डाला दोन चाकांच्या मधे बसवलेला, बुटका, पण अरुंद. उंचीवरून पडला तर काय, या एकाच विचाराने मी बुटकीच्या मागे लागलो. भाऊही म्हणाला, "हेच बरी. माप बसलं म्हनजे झालं."

माप कसं घेतलं ते ऐका. मशीन बाहेरगावी कामावर होती. पण आमच्या बांधीत तिच्या चेनींच्या चाकोऱ्या वाळून पक्क्या झाल्या होत्या. भावाने सुतळी घेतली, एक टोक बायकोच्या हातात दिलं. आमचे वडील बैलबंडीची चाकोरी मोजायचे तसंच त्याने मोजलं. एका चाकोरीच्या आतल्या कडेपासून दुसरीच्या बाहेरच्या कडेपर्यंत. तिथे गाठ मारली. ट्रालीच्या डाल्यावर सुतळी ताणली तर वर वीतभर जागा उरली. आम्ही खूश. वेल्डिंगवाला म्हणाला, न्या, चढवून बघा, पसंत पडली तर ठेवा.

त्या संध्याकाळी मी ओसरीवर बसलो होतो. भावाची बायको आतल्या भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत होती. मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे भासऱ्याशी समोरासमोर बोलत नाहीत. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण तोवर ती माझ्याशी एक शब्दही थेट बोलली नव्हती. काही सांगायचंच असेल तर ती भिंतीला सांगते, नाहीतर सुपाला. त्या दिवशी भिंतीला म्हणाली, "बंडीचं चाक चार बोटाचं. मशीनची चेन केवढी! यायले सांगतलं त म्हनते, तू सुतळी धर, डोकं नोको लावू."

मी ऐकलं. नीट ऐकलं. पण भिंतीला सांगितलेल्या गोष्टीवर भासऱ्याने उलट विचारायचं नसतं, म्हणून गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला ते कळलंच नव्हतं, आणि न कळलेलं विचारायला लाज वाटली. कसला मोठेपणा तो! आज त्याची चीड येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याचा ट्रक मशीन धुऱ्यापाशी, शेताच्या बांधाजवळ, उतरवून गेला. भावाच्या बायकोने ट्रालीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मी डाव्या बाजूला उभा राहून हाताने इशारा करणार होतो. ट्रालीवर चढायच्या लोखंडी फळ्या लावल्या. भाऊ सीटवर बसला. मशीन चढू लागली. समोरच्या कटरमुळे त्याला खालच्या चेनी दिसत नाहीत, त्याची सगळी भिस्त माझ्या हातावर. माझ्या बाजूची चेन फळीवर अगदी बरोबर होती. मी हात हलवत राहिलो, ये, ये. मनात भीती होती तरी म्हटलं, ही आपली नेहमीचीच.

"दादा! थांबवा त्यायले! इकडची अर्धी चेन बाहेर हाय!"

कोण ओरडलं ते मला क्षणभर कळलंच नाही. नऊ वर्षांत तो आवाज असा कधी ऐकला नव्हता. पदर खांद्यावरून घसरलेला, ती उजव्या बाजूने थेट माझ्याकडे बघून ओरडत होती. मी दोन्ही हात वर केले. मशीन थांबली. पलीकडे गेलो तर उजवी चेन अर्धी हवेत, फळी कडेने वाकलेली. एका चाकोरीच्या आतल्या कडेपासून मोजायच्या बंडीच्या हिशेबात आम्ही एका अख्ख्या चेनीची रुंदी खाल्ली होती; वीतभर जागा जास्तीची होती म्हणून अर्धीच बाहेर राहिली.

भावाने बोटभर, बोटभर करत मशीन मागे घेतली. तेवढ्या वेळात मी कोणकोणत्या देवाला काय काय कबूल केलं ते मलाही आठवत नाही. चेन जमिनीला लागली तेव्हा भाऊ उतरला, हसायला गेला, आणि मटकन धुऱ्यावर बसला.

त्याच्या बायकोने पदर डोक्यावर घेतला होता, तोंड फिरवलं होतं. यावेळी मात्र मी भिंत शोधली नाही. तिच्यासमोर जाऊन विचारलं, "बाई, कोनती ट्राली घेऊ? तूच सांग."

ती मान वर करून म्हणाली, "जिच्यावर उभं रायाची तुमची सोताची हिंमत होईन, तेच घ्या."

आम्ही उंच आणि रुंद ट्राली घेतली. पहिल्यांदा मशीन तिच्यावर चढली तेव्हा इशारा करायला खाली ती उभी होती. मी वर, भावाच्या सीटमागचा दांडा दोन्ही हातांनी धरून, घामाने निथळत उभा होतो.