घाटंजीहून आणलेला रेडिओग्राम

यवतमाळहून घाटंजीला कसं जायचं, असं परवा एका वाचकाने विचारलं. आता तासाभराचा डांबरी रस्ता आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण मी त्या रस्त्याने एकदा एस.टी.ने गेलो आणि बैलगाडीने परतलो, ते सांगतो. त्रेसष्ट साल असावं. संक्रांत नुकतीच झाली होती.

मी तेव्हा यवतमाळच्या कचेरीत कारकून होतो. रेडिओ उघडून दुरुस्त करायचा नाद होता. लग्नाला वर्ष झालं होतं आणि कुसुमला, माझ्या बायकोला, गाण्याचं वेड. नवा रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि तबकड्या वाजवायचं यंत्र एकाच पेटीत, आमच्या आवाक्याबाहेरचा. एवढ्यात कचेरीत कळलं, की घाटंजीच्या एका जिनिंगचे, कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचे, मॅनेजर नानासाहेब निवृत्त होऊन मुलाकडे नागपूरला निघालेत आणि त्यांना त्यांचा रेडिओग्राम विकायचा आहे. मी दोन दिवसांची रजा टाकली.

सकाळची गाडी पकडली. रस्ता पंचवीसेक मैलांचा, पण खडीचा आणि धुळीचा. समोरून कापसाच्या गाड्या आल्या की ड्रायव्हर बाजूला घेऊन थांबायचा. घाटंजीला उतरलो तेव्हा भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. बाजाराचा दिवस होता. स्टँडसमोरच्या हॉटेलात गरम भजे आणि चहा घेतला, आणि सामान न्यायला बैलगाडी ठरवली. गाडीवान हिरामण, जवळच्या तांड्यावरचा बंजारा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलखात फिरायचे, हा स्वतः शेती करायचा आणि हंगामात गाडी जुंपायचा.

"काचेचं सामान हाय काय?" त्याने विचारलं.

"काचेसारखंच समज."

"मंग तनीस जास्त टाकतो," म्हणत त्याने गाडीत वाळल्या गवताचा थर वाढवला.

नानासाहेबांचा बंगला जिनिंगच्या आवारातच होता. जिनिंगचं इंजिन चालू असलं की बंगल्यात वीज यायची, म्हणजे गाणं फक्त कापसाच्या हंगामात. दिवाणखान्यात तो उभा होता: सागवानी पेटी, पुढे जाळीचं कापड, वरचं झाकण उचललं की तबकडी फिरायची जागा. अर्धं सामान बांधून झालं होतं. पेटीचा अंदाज घ्यायला हिरामणही माझ्यामागून आत आला होता. नानासाहेबांच्या पत्नी, माई, आतल्या दारात उभ्या होत्या.

"आधीच सांगतो," नानासाहेब म्हणाले, "दोन हंगाम झाले, घरघरतो. इथे दुरुस्त करणारा कुणी नाही. घरघर सुरू झाली आणि हिने ऐकणं सोडलं."

त्यांनी तबकडी लावली. खरंच, गाण्याच्या वर एक जाड घूंऽऽ. मी वाकलो. एक हात खालच्या पत्र्यावर होता, दुसरा पिनेच्या दांडीवर ठेवला, आणि घरघर एकदम थांबली. एका बाईचा आवाज स्वच्छ, खोलीभर पसरला. माईंनी मान वर केली.

मला कळलं. दांडीकडून पत्र्याला जाणारी तार सुटली होती, माझ्या दोन हातांनी तो जोड पुरा झाला होता; बाकी यंत्र ठणठणीत होतं. पाच मिनिटांचं काम, आणि डाख देण्याची कांडी माझ्या पिशवीत होती.

मी हात काढून घेतला.

"आत्ता लागलं होतं की हो!" नानासाहेब म्हणाले.

"मधूनच लागतं तसं," मी म्हणालो. "व्हॉल्व्ह गेलेत. फार खर्च आहे."

त्यांनी वाद घातला नाही. मी सांगितलेली किंमत त्यांच्या किमतीच्या निम्मी होती, तरी हो म्हणाले. मी पैसे काढत होतो, तेव्हा माई पहिल्यांदा बोलल्या. "नेण्याआधी एकदा लावून द्याल का? आत्तासारखं मधूनच लागलं तर लागलं."

"नको माई, आता आणखी चालवला तर जळेल," मी म्हणालो.

तबकड्याही माईंनी बरोबर दिल्या. "यंत्राशिवाय काय करायच्या?" म्हणाल्या.

हिरामणने आणि जिनिंगच्या दोघा हमालांनी पेटी गाडीत चढवली. वाघाडी नदी ओलांडून आम्ही यवतमाळच्या वाटेला लागलो. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, मध्येच तुरीची शेतं.  मैलभर गेल्यावर हिरामण म्हणाला, "साहेब, एक इचारू काय? तुमी हात ठेवला तवा बाजा चांगला वाजे. मंग त्या माईले काहून नाही आयकवला?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

"बाजातलं मले काही नाही समजत. माई दारात उभी होती, थे मले दिसत होती."

 दिवस मावळायच्या आत त्याच्या तांड्यावर पोचलो आणि मुक्काम केला. त्याच्या आईने, तो तिला याडी म्हणायचा, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि लसणाची चटणी वाढली. इतकं चवदार जेवण त्या सहलीत दुसरं मिळालं नाही, पण ते मला नीट गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी यवतमाळ आलं. हिरामणने ठरलेलं भाडं घेतलं, पेटी जपून उतरवली आणि गाडी वळवली.

तार जोडायला खरंच पाच मिनिटं लागली. गाणं लागलं तशी कुसुम स्वयंपाकघरातून पीठभरल्या हातांनी बाहेर आली. दोन-तीन तबकड्या ऐकल्यावर तिने विचारलं, "इतका चांगला वाजणारा त्यांनी दिला कसा?" मी सगळं सांगितलं, जरा फुशारकीनेच. ती हसली नाही. "अहो, त्यांना कळवा तरी," म्हणाली. मी हो म्हणालो आणि कळवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी रेडिओग्राम चालू होता. दारात कुणी आलंय म्हणून उठलो, तर नानासाहेब. हातात छत्री, कोटाच्या खिशातून डोकावणारं पाकीट. ते आत येईनात. गाणं संपेपर्यंत उंबऱ्यापाशी उभे राहिले.

"जिनिंगच्या राहिलेल्या कामाने घाटंजीला निघालो होतो," ते म्हणाले. "हिच्या मनाला लागून राहिलं होतं, की आपण त्या मुलाच्या गळ्यात मोडकी वस्तू मारली. थोडे पैसे परत देऊन या म्हणाली." मग आत पाहत विचारलं, "काय बिघडलं होतं हो?"

आता मात्र मला खोटं बोलवेना. "एक तार सुटली होती."

"एवढंच?"

"एवढंच."

कुसुमने पाणी आणलं. ते त्यांनी घेतलं, चहाला नको म्हणाले. मी रेडिओग्राम परत न्या म्हणालो, निदान उरलेली किंमत तरी घ्या म्हणालो. "आमच्या मुलाच्या दोन खोल्यांत ठेवणार कुठे?" ते म्हणाले. मग मी म्हणालो, माईंना एकदा घेऊन या, हव्या त्या तबकड्या लावतो.

"ती आता अंथरुणाला खिळली आहे," नानासाहेब म्हणाले. "चांगला वाजतोय, एवढं सांगतो तिला." आणि छत्री उघडून उन्हात निघून गेले.

रेडिओग्राम आमच्याकडे पुष्कळ वर्षं वाजला. कुसुमने त्यावर खूप गाणी ऐकली, मीही. पण माईंच्या तबकड्या तिने पुन्हा कधी लावल्या नाहीत, आणि मी लाव म्हणालो नाही.

यवतमाळहून नागपूरला तेव्हाही सकाळची गाडी होती. पेटी न्यायची गरज नव्हती. कचेरीतल्या एका मित्राकडे हातात नेता येईल असा लहान प्लेअर होता, मागितला असता तर त्याने दिला असता. तबकड्या पिशवीत मावल्या असत्या. दुपारपर्यंत पोचलो असतो, तासभर माईंच्या खाटेशी बसलो असतो, दिवेलागणीला घरी. हा सगळा प्रवास मी मनात कितीदा आखला. गाडीची वेळसुद्धा विचारून आलो होतो.

पण मी गेलो नाही.