शेजारी बसलेला भित्रा माणूस

शेजारच्या माणसानं माझ्या नातीच्या हातावर फटका मारला आणि तिच्या ओठापर्यंत गेलेली बाटली एसटीत खाली पडली. पोर रडायला लागली.

"मुडद्या, लेकराला मारतोस व्हय?" मी ओरडले.

सांगोल्यापासून तो माझ्या डोक्यात गेला होता. सारखा खिसा चाचपत होता. घरची चपातीसुद्धा हुंगून खात होता. "सात रस्त्याला थांबंल न्हवं?" असं त्यानं तिसऱ्यांदा विचारल्यावर कंडक्टर म्हणाला, "पावनं, तुमीच चालवा की गाडी." तेव्हा मीही हसले होते.

"आजी, औषधाचा वास येतोय," तो म्हणाला.

मी वाकून वास घेतला. सोलापूरच्या लेकीकडे शेळ्या आहेत. त्यांच्या गोचिडांवरचं औषध मीच सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून पिशवीत टाकलं होतं. आमच्याकडे सगळे असंच नेतात. नातीला तहान लागली आणि तिनं पाण्याऐवजी तीच बाटली काढली.

"मला कशाचंबी भ्या वाटतं. घरात समदी हसत्यात," तो खाली बघत म्हणाला.

"हसू देत. तू हाईस तसाच ऱ्हा," मी म्हटलं.

भित्र्या माणसांचा मला जन्मभर राग होता. मी कशालाच भीत नाही, म्हणून तर विष पिशवीत घालून पिशवी पोरीजवळ ठेवली. त्याचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

नात यंदा अकरावीला आहे.