पत्ता बरोबर शे का?

कुरियरच्या ऑफिसात दोन गोष्टी साठतात. एक, न पोचलेली पार्सलं. दुसरे, किस्से. पार्सलं पंधरा दिवसांनी परत जातात, किश्शांना परत जायला जागा नसते. जळगावात आमच्या सेठच्या एजन्सीत मी बुकिंगच्या काउंटरवर बसतो. माझे निम्मे किस्से एकाच माणसाचे आहेत. नामदेव नाना, आमचे डिलिव्हरीवाले.

नाना मूळचे साक्रीकडचे. तीस वर्षांपूर्वी जळगावला आले, घर नशिराबादला केलं, पण बोली तिकडचीच ठेवली, अहिराणी. पार्सल हातात दिलं की समोरच्याला विचारणारच, "पत्ता बरोबर शे का?" अहो, माणूस समोर उभा आहे, पार्सल त्याच्या हातात आहे! पण नाही. समोरचा "बरोबर शे" म्हणेपर्यंत नाना सायकलवर टांग टाकत नसत. पुढे मोपेड आली, सवय तीच राहिली.

*

एकदा पार्सल आलं. वर पत्ता एवढाच: "पाटील, असोदा." मोबाइल नंबर चुकलेला. मी म्हटलं, "नाना, परत पाठवू. असोद्यात दगड मारला तर पाटलाला लागतो."

नानांनी पाठवणाऱ्याचं नाव वाचलं. पुण्याचं, कानाच्या मशिनींचं दुकान.

"असोदामा कानना पाटील तीन शेतस," नाना म्हणाले. "पन पोऱ्या पुण्याले एकनाच शे."

निघाले. वाटेत कळलं, तो पाटील जळगावला दवाखान्यात आहे. नाना तसेच मागे फिरले आणि खाटेपाशी जाऊन मशीन दिलं. म्हातारा रडला म्हणे. सहा महिन्यांनी त्याने लेकाचा आवाज ऐकला.

ही गोष्ट जुन्या काळात घडली असती तर सेठने सगळ्यांना कचोरी खिलवली असती. पण तोवर आमची एजन्सी एका मोठ्या कंपनीला जोडली गेली होती. व्यापारी लोक मोबाइलवरून बुकिंग करायला लागले, काउंटरवर माश्या बसायला लागल्या, सेठपुढे दुसरा इलाजच नव्हता. कंपनीचं ॲप आलं. ॲपला असोदा हवा होता आणि नाना दवाखान्यात होते. ठिकाण जुळलं नाही, म्हणून नानांच्या नावापुढे लाल खूण. तीन लाल खुणा झाल्या की आयडी बंद, म्हणजे काम बंद.

"पाटील तठे नव्हता," नाना मला समजावत होते. मला काय समजावता नाना? मला कळतं हो!

*

ॲपला रोज सकाळी चेहरा दाखवावा लागतो. पहिल्या दिवशी कंपनीच्या साहेबांनी नानांची टोपी काढून फोटो घेतला. नाना तेव्हा एवढे ओशाळले की चेहराच वेगळा आला. मग रोज टोपी घालून उभे राहिले की ॲप म्हणायचं, चेहरा जुळत नाही.

टोपी काढायला नाना तयार नाहीत. वडील वारले तेव्हा काढली होती, तेवढीच. शेवटी सेठसमोर मोबाइल धरून उभे राहिले.

"सेठ, मी मीच शे ना? सांगा ना याले!"

सेठ मारवाडी माणूस, कधी कुणापुढे हात टेकले नाहीत त्यांनी. त्या दिवशी म्हणाले, "नाना, मी सांगतो हो. पण मला तरी कोण ओळखतो तिथे?"

आम्ही हसलो. सेठ नाही हसले. दुसऱ्या दिवसापासून नाना संडासाच्या बोळात जाऊन, कुणी नाही बघून, टोपी काढायचे आणि चेहरा दाखवून यायचे. त्या बोळाकडे आम्ही त्या वेळी कुणी जात नव्हतो.

*

नानांचे मेहुणे भास्करभाऊ. तेही याच कंपनीचं काम करायचे, साक्रीकडे. डोंगरातली गावं, रस्ता नावालाच. भाऊंची पद्धत अशी की आठवडे बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीपाशी पोतं उघडायचं. सगळी गावं बाजाराला येतात. मिरची घेतली, मीठ घेतलं, पार्सल घेतलं. तासाभरात चाळीस पार्सलं पोचती!

कंपनीतून फोन आला. "एकाच जागेवर चाळीस डिलिव्हऱ्या? एका टपरीत चाळीस घरं? असं गाव असतं का कुठे?"

"आठवड्यातून एकदा असतं, साहेब!"

साहेबांना ते उद्धट वाटलं. एकदम तीन लाल खुणा. भास्करभाऊ हल्ली त्याच बाजारात मिरची विकतात. लोक अजून पार्सल न्यायला येतात आणि विचारतात, भाऊ, मनं पार्सल उनं का?

*

आता विजूचं सांगतो. विजू आमच्या विरोधातल्या कंपनीचा. विजेवरची स्कूटर, लाल टी-शर्ट, दोन मुलांचा बाप. एकदा तो नानांना असोद्याच्या शिवारात सापडला. मॅपने त्याला केळीच्या बागेत नेऊन सोडलं होतं आणि वर सांगत होता, तुम्ही पोचलात!

नानांनी त्याला रस्ता दाखवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मग रोजच. नाना आपलं काम थांबवून त्याला पत्ते सांगायचे, कधी त्याची पार्सलंही टाकून यायचे. तीन महिन्यांत विजूच्या कंपनीचं रेटिंग जिल्ह्यात पहिलं! आणि नानांना दुसरी लाल खूण, कारण कामाच्या वेळात मोबाइल अर्धा तास एकाच जागी होता.

सेठ भडकले. "नाना, तुम्ही नोकरी कुणाची करता?"

नाना टोपी हातात घेऊन म्हणाले, "पार्सल कोनं बी ऱ्हावो, सेठ, लोके वाट देखतस."

टोपी हातात!

*

तिसरी खूण मी थांबवू शकलो असतो. हे सांगताना मला लाज वाटते.

गोळ्यांचं पाकीट होतं. रिंगरोडवरच्या एका अक्कांचं, बीपीच्या गोळ्या, दर महिन्याला यायचं. दार बंद. शेजारीण म्हणाली, अक्का लेकीकडे नशिराबादला गेल्या. नानांनी मला फोन केला.

"नाना, तिसरी आहे ही. 'घरी नाहीत' असं टाका आणि परत आणा," मी म्हटलं. मीच नशिराबादला जाऊन देऊन येऊ शकलो असतो. माझ्याकडे गाडी होती. माझ्या नावापुढे एकही खूण नव्हती.

"गोळ्या सरी गयात व्हतीन," नाना म्हणाले आणि फोन ठेवला. अक्कांच्या गोळ्या संपल्या असतील म्हणून ते तसेच नशिराबादला गेले; तिसरी खूण.

*

दोन दिवसांनी सकाळी नानांनी चेहरा दाखवला तर ॲप उघडेना. सेठला मेल आला होता: आयडी कायमचा बंद, सेवा समाप्तीचं पत्र घरच्या पत्त्यावर पाठवलं आहे. सेठ मला म्हणाले, तू सांग. मी म्हटलं, तुम्ही सांगा. शेवटी कुणीच सांगितलं नाही. सेठ एवढंच म्हणाले, "आजचं सामान तुझ्या आयडीवर घे आणि नानांबरोबर जा."

नानांनी सामान मोपेडला बांधलं. मला मागे बसवून निघाले. प्रत्येक दारात तेच. "पत्ता बरोबर शे का?" बरोबर शे, नाना.

दुपारी नशिराबादच्या फाट्यावर विजू उभा. हातात एक पाकीट.

"बरं झालं भेटलात! मॅप परत शेतात नेतोय. हे नामदेव दौलत सोनवणे कोण हो, नाना?"

पाकिटावर आमच्याच कंपनीचा शिक्का होता. आमच्या कंपनीने आमच्याच माणसाचं पत्र विजूच्या कंपनीकडून पाठवलं होतं. त्यांचं रेटिंग चांगलं ना!

मी विजूला खुणावलं. त्याला काही कळेना. नानांनी पाकीट उलटसुलट पाहिलं.

"आन मनाकडे. मी पोचाडी देसू."

विजू थँक्यू म्हणून गेला. नानांनी पाकीट पिशवीत सगळ्यात खाली ठेवलं. वर अजून सहा पार्सलं होती. ती सहाही दिली, क्रमाने, प्रत्येक ठिकाणी विचारून. मग मोपेड मारुतीच्या देवळामागे वळवली आणि एका घरासमोर उभी करून हॉर्न वाजवला.

"पार्सल!"

आतून काकू, नानांच्या मंडळी, आल्या, हात पदराला पुसत. "काय व्हयनं? आज इतक्या लवकर?"

नानांनी पाकीट पुढे केलं. पेन पुढे केलं. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग दाराच्या चौकटीवर कागद ठेवून सही केली.

नाना अजून पायरीच्या खालीच उभे होते.

"पत्ता बरोबर शे का?"

"शे ना," काकू म्हणाल्या.