सरोजाअक्कांचा उजवा हात

सरोजाअक्का कुणाला हात देत नसत, मनगट देत. समोरच्यानं हात पुढे केला की त्या मूठ आत वळवून घेत आणि मनगट पुढे करत, कणीक मळताना दार उघडायला आलेल्या बाईसारखं. माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या तेव्हा मलाही मनगटच मिळालं. मी गोंधळून तेच धरून हलवलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "हात ओले असतात रे तम्मा. जन्मापासून. म्हणून कुणाला लावत नाही."

बेंगळुरूत जे. पी. नगरला माझं लहानसं दुकान आहे. पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळातल्या क्यू, म्हणजे ज्या काठीनं चेंडू मारतात ती, मी दुरुस्त करतो. टोकाचं चामडं बदलतो, सैल झालेले सांधे बसवतो, आणि मागच्या हातानं काठी जिथं धरतात तिथं नवी ग्रिप चढवतो. मी निपाणीचा. दिवसभर गिऱ्हाइकांशी कन्नड आणि हिंदी बोलायचं, मराठी फक्त घरी. त्यामुळे अक्कांचं बोलणं कानावर पडलं तेव्हा मी हातातला ब्रशच खाली ठेवला. त्यांचं घराणं इकडं कधी आलं हे त्यांच्या आजोबांनाही सांगता येत नसे. त्यांची मराठी घरातली, पण निम्मी कन्नडमध्ये भिजलेली. मी तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात ठरवून टाकलं होतं.

अक्कांनी साठी ओलांडली होती. सारी नोकरी एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात गेली. तळहाताला इतका घाम की नकाशाचा कागद फुगायचा, म्हणून हाताखाली घडी घातलेला रुमाल घेऊन त्या रेघा ओढत. निवृत्तीनंतर नवऱ्याबरोबर, मोहनरावांबरोबर, घराजवळच्या क्लबात जाऊ लागल्या. मोहनराव पत्त्यांना बसत. अक्का कंटाळून फिरता फिरता पूलच्या टेबलापाशी थांबल्या आणि तिथल्याच झाल्या. "सगळी नोकरी कोन काढण्यात गेली," त्या म्हणत. "ते असे पळताना कधी बघितले नव्हते!"

खेळायला लागल्या खऱ्या, पण क्यू हातातून निसटायची. रुमाल गुंडाळून पाहिला, तो फिरायचा. म्हणून माझ्याकडे आल्या होत्या. मी समोर सगळे प्रकार मांडले. नुसतं पॉलिशचं लाकूड त्यांनी धरलं आणि लगेच सोडलं. त्यावर बोटांचे ओले ठसे उमटले होते. रबराची ग्रिप हाताला चिकटून बसली. "हे सोडतच नाही मला," त्या म्हणाल्या. "काठी पुढं जायला नको का?" मग चामडं. तपकिरी, मऊ, बारीक शिवणीचं. ते मात्र त्यांनी तळव्यानं धरलंच नाही. बोटाच्या पाठीनं हळूच कुरवाळलं.

"धरून बघा की, अक्का."

"नको. ओल्यानं डागेल. हे कोरड्या हाताच्या लोकांचं."

शेवटी मी लिननच्या दोऱ्याची ग्रिप सुचवली. जाड दोरा, एकाला एक लागून गुंडाळलेला. घाम पितो, खरखरीत राहतो, हात सरकतोही आणि निसटतही नाही. अक्कांनी तो धरला, डोळे मिटून मागं-पुढं केला आणि म्हणाल्या, "सरी, ठीक. हा माझा."

पुढची काही वर्षं तो दोरा त्यांचाच राहिला. काळा पडला, सुटायला आला की त्या यायच्या, मी नवा चढवायचो. क्लबातली तरुण मंडळी त्यांच्याकडून हरायची. कुणी म्हणालं, "आंटी, नशीब चांगलंय," तर त्या म्हणत, "हात ओला आहे बाळा, नेम ओला नाही." आणि दरवेळी निघताना काउंटरवरचा चामड्याचा तुकडा बोटाच्या पाठीनं एकदा कुरवाळून जात.

एका सकाळी मी शटर वर करतोय तोवर त्या दारात उभ्या. चेहरा असा उजळलेला की मला वाटलं, घरी नातवंड आलं. त्यांनी उजवा हात पुढं केला. मनगट नाही, उघडा तळहात.

मी तो हातात घेतला. कोरडा होता. ठणठणीत कोरडा.

"अय्यो तम्मा, सुकला!" त्या म्हणाल्या. "आठवडा झाला. देवानं ऐकलं. अर्धंच ऐकलं, डावा अजून तसाच आहे, पण क्यू कुठं डाव्यानं धरायची असते! काढ तो दोरा. चामडं लाव."

मला त्यांच्याइतकाच आनंद झाला. डॉक्टरकडे न जाता, औषध न घेता जन्माचं दुखणं गेलं होतं. मी समोर बसवूनच दोरा कापला, चामडं चिकटवलं, शिवण घट्ट केली. अक्का स्वतः मैसूरपाक घेऊन आल्या होत्या. तो दुकानात वाटला, मग क्लबात वाटला. तिथं त्यांनी त्या दिवशी प्रत्येकाशी शेकहँड केला, पाणी आणून देणाऱ्या बाईशीसुद्धा.

नंतर त्या एकदा बाम मागत आल्या. उजवा खांदा ठणकत होता, कळ दंडापर्यंत उतरत होती. "नवीन ग्रिप, हातातून सुटत नाही, खेळ जास्त होतो," म्हणाल्या. मलाही ते पटलं. मग त्यांच्या उजव्या डोळ्याची पापणी थोडी खाली आली. क्लबातले चेष्टा करायचे, अक्का डोळा मारतात म्हणून. नेम चुकायला लागला तेव्हा मात्र त्या चष्म्याचा नंबर तपासायला गेल्या.

डोळ्यांची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं पापणी पाहिली, बाहुलीत प्रकाश टाकला आणि विचारलं, "उजव्या हाताला घाम येतो का हो?"

हा प्रश्न अक्कांनी नंतर मला हुबेहूब तिच्या आवाजात सांगितला. "मी हसले रे. म्हटलं, यायचा, आता नाही येत, केवढी कृपा झाली! ती नाही हसली. तिनं माझ्या कपाळावरून बोट फिरवलं. डावीकडं ओलं, उजवीकडं कोरडं. मग दोन्ही हात धरून बघितले आणि म्हणाली, आजच्या आज छातीचा एक्सरे काढा."

फुप्फुसाच्या वरच्या टोकाला गाठ होती. घाम आणणारी नस तिथूनच जाते; गाठीनं ती दाबून टाकली होती. खांदा, पापणी, सुकलेला हात, सगळं त्या एकाच गाठीचं काम.

मी स्टुलावर बसलो. ज्याचा मैसूरपाक मी खाल्ला ते हे होतं. ज्यासाठी मी एवढ्या उत्साहानं चामडं शिवलं ते हे होतं. माझे स्वतःचेच तळवे घामानं भिजले होते, आणि मी ते पँटला पुसत राहिलो. मला अजून घाम येतोय याचं समाधान वाटावं की भीती, कळेना.

अक्काच म्हणाल्या, "स्वल्प पाणी पी. तुला काय झालंय?"

उपचार सुरू झाले. क्लब सुटला. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्या फार वाळल्या होत्या. मी म्हणालो, "अक्का, तो हात सुकला नसता तर बरं झालं असतं." म्हणायचं होतं गाठीविषयी, तोंडातून निघालं हाताविषयी.

त्यांनी मान हलवली. "गाठ नको होती. हात हवा होता. तेवढे महिने मी लोकांसारखी वागले रे. हात दिला, घेतला. त्यातला एक दिवसही परत देणार नाही."

मला त्या एक्सरेपेक्षाही याचाच धक्का जास्त बसला. माणूस एखाद्या गोष्टीसाठी इतका आसुसलेला असतो आणि आपण त्याला दोरा की चामडं एवढंच विचारत असतो.

पावसाळ्यानंतर अक्का गेल्या. दिवसकार्य आटोपल्यावर मोहनराव दुकानात आले. स्टुलावर बसले. मग आपल्याच तळव्याकडे बघत म्हणाले, "लग्नात तिचा हात माझ्या हातात दिला ना, चिंब होता. मला वाटलं घाबरलीय, म्हणून घट्ट धरला. तेव्हापासून तिचा हात म्हणजे ओलाच. तो सुकला तेव्हा ती घरभर नाचली. मीही हसलो. पण तो धरला की मला परक्या बाईचा हात धरल्यासारखं व्हायचं. मनात यायचं, काहीतरी चुकतंय."

"मग तुम्ही त्यांना..."

"कसं सांगणार? इतकी खूष होती." मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "सांगायला हवं होतं का हो?"

बाहेर रस्त्यावर रिक्षावाला कुणाला तरी भाडं सांगत होता. मोहनराव उठले, चपला घातल्या आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता निघून गेले.