ताईंचा फोर्क बदलायचा की नाही: डहाणू-तलासरीत तीन दिवस

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आमच्या सुमनताईंनी जाहीर केलं, "वर्षा, एकदा डहाणूची फेरी करू. मग मी सायकल विकून टाकणार." मी हसले. सुमनताई वर्षातून दोनदा तरी घरातलं काहीतरी विकायला काढतात. पण या वेळी त्या आधीच दुकानात जाऊन आल्या होत्या.

सुमनताई म्हणजे माझी मोठी नणंद. साठीला टेकल्या आहेत, पण बोलण्यात आणि चढावर मला सहज मागे टाकतात. चाळिशीत मला सायकल शिकवली ती त्यांनीच, मैदानावर माझं कॅरिअर धरून माझ्यामागे पळत. त्यांच्या सायकलीचा पुढचा सस्पेन्शन फोर्क, म्हणजे चाकाला धरणारे आणि खड्ड्याचा दणका स्वतः पिऊन टाकणारे ते दोन दांडे, दिवाळीपासून आखडला होता. सगळा मार थेट हातात येत होता, आणि ताईंचं उजवं मनगट एकदा मोडून जुळलेलं आहे. दुकानदाराने वरवर पाहून सांगितलं, की फोर्क गेला. जुन्या सव्वीस इंची चाकाला बसणारा चांगला नवा फोर्क हल्ली सहज मिळत नाही, तेव्हा नवी सायकलच घ्या.

"या वयात नवी सायकल? लोक हसतील," ताई म्हणाल्या.

"मग हाच फोर्क उघडून सर्व्हिस करून घेऊ."

"मेलेल्याला सलाइन लावून काय होणार?"

मला मात्र हसू येत नव्हतं. सकाळी साडेपाचला मला अंथरुणातून उठवणारं दुसरं कुणी नाही. ताई थांबल्या की मीही थांबणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून डहाणूला निघताना मी मनाशी ठरवलं, की तीन दिवसांत काहीही करून त्यांचा विचार बदलायचा. कसा, ते माहीत नव्हतं.

जानेवारीत कारच्या मागे सायकली बांधून नाशिकहून त्र्यंबक, जव्हार, कासा असे डहाणूला गेलो. जव्हारच्या घाटात रस्ता चांगला आहे, वळणं मात्र पोटातलं ढवळून काढतात, तेव्हा न्याहारी घाटानंतरच करा. मुक्काम डहाणूजवळच्या कैनाडला, मीनाबेन यांच्या शेतघरात. माणशी दीड हजारात खोली आणि दोन वेळचं जेवण. भाताची कापणी होऊन गेली होती आणि घरामागे वांगी, मिरच्या, वालाचे वेल होते. मीनाबेन फोनवर भावाशी गुजरातीत, आमच्याशी मराठीत आणि शेतावरच्या बायांशी तिसऱ्याच बोलीत बोलत, आणि एकातून दुसरीत जाताना श्वाससुद्धा घेत नसत.

दुपारी ऊन डोक्यावर असतानाच नरपडकडे निघालो. डहाणूहून बोर्डीकडे जाणारा हा किनाऱ्याचा रस्ता सायकलवाल्यांनी एकदा तरी करावाच. एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या आणि रहदारी बेताची. ओहोटी होती, वाळू घट्ट होती. ताईंनी सायकल सरळ किनाऱ्यावर घातली, लाटांनी काढलेल्या वळ्यांवरून. मी मागून ओरडले, "ताई, मनगट!"

"अगं, लागतच नाहीये!" त्या ओरडल्या. फोर्क मजेत वरखाली होत होता. आम्ही दोघी चकित. वाळूत सुकत घातलेल्या बोंबलांपाशी बसलेल्या एका मावशी आमच्याकडे बघून म्हणाल्या, "सायकल घरी गेल्यावर गोड्या पाण्यानं धुवा हां. खारं लागलं की लोखंड खातं." आम्ही संध्याकाळी बादलीने पाणी ओतून दोन्ही सायकली धुतल्या. पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, तो मीठ फोर्कच्या रबरी सीलच्या आत ढकलतो. एवढं ज्ञान मला इंटरनेटने दिलं होतं.

रात्री वालाची उसळ आणि तांदळाची भाकरी खाताना मी विषय काढला. "बघा, फोर्क जिवंत आहे."

"शेवटची धुगधुगी असते ती," ताई म्हणाल्या आणि दुसरी भाकरी घेतली.

दुसऱ्या दिवशी तलासरी. उजाडताच निघालो, स्वेटर घालून. आणि फोर्क पुन्हा काठीसारखा ताठ! डांबरी रस्ता होता तोवर ठीक होतं, पण पाड्यांमधून जाणाऱ्या कच्च्या तुकड्यांवर ताई दात आवळून चालवत होत्या. मी मुद्दाम हळू चालवत त्यांच्या मागे राहिले. वाटेत साग, ताडाची झाडं, कुडाच्या भिंतींची घरं, शाळेत निघालेल्या मुली. इतकं सुंदर सगळं, आणि माझं लक्ष त्या मनगटावर. तलासरीच्या नाक्यावर पोचलो तेव्हा ताईंनी चहाच्या गरम ग्लासावर मनगट टेकवलं. "झालं माझं समाधान," त्या म्हणाल्या. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

तलासरी गाव हायवेला लागून आहे, त्यामुळे ट्रकवाल्यांची जेवणं उत्तम आणि स्वस्त. शेवभाजी, रोटी, ताक घेतलं आणि झाडाखाली जरा लवंडलो. दोन वाजता परत निघालो, तर तोच रस्ता, तेच दगड आणि फोर्क लोण्यासारखा! ताई उतारावर सुसाट गेल्या.

"यालाही दुपारची झोप लागते की काय?" त्या म्हणाल्या.

उत्तर तिसऱ्या दिवशी सकाळी मिळालं, न्हाणीघराच्या दारात. ताई केस धुऊन आल्या आणि आपली खोबरेलाची बाटली उलटी करून आपटायला लागल्या. तेल थिजून पांढरं झालं होतं. मीनाबेन ओट्यावरून म्हणाल्या, "बाटली उन्हात ठेवा ने, आता पातळ होईल. इकडे पण सकाळी मस्त ठंडी पडते."

ताई बाटली हातात धरून उभ्याच राहिल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "वर्षा, मी फोर्कला हेच घालते."

"कुठे?"

"आत. रबराची कड उचलायची आणि ड्रॉपरने सोडायचं. नवरात्रात कुईकुई करत होता म्हणून सुरू केलं. दर शनिवारी."

शिवणयंत्र, कपाटाच्या बिजागऱ्या, नातवाचं डोकं, सगळ्यांना त्यांच्या घरी एकच औषध! मी पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीनाबेनही हसल्या. ताई आधी रागावल्या आणि मग त्यांनाही आवरेना.

आम्ही सायकल अंगणात उन्हात उभी केली. आधी हँडल दाबलं तर जागचं हलेना. पोहे, चहा आणि मीनाबेन यांच्या भावाची पूर्ण कहाणी होईस्तोवर ऊन चांगलं तापलं. पुन्हा दाबलं, तर फोर्क खाली गेला आणि वर आला. मग फडक्याने दांडे स्वच्छ पुसून त्यांवरून नख फिरवलं. तुमचाही फोर्क रुसला असेल तर हे नक्की करा. नख कुठे अडकलं, म्हणजे गंजाने खड्डे पडलेत. नवे सील घातले तरी ते फाटतात, तेव्हा फोर्क बदला. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे ढकलल्यावर खटखट वाजलं, तर आतली झीज झाली आहे. आमचं नख कुठेच अडकलं नाही आणि खटखटही नव्हती.

परतताना कार वाणगावकडे वळवून बाजारातून मिरच्या घेतल्या. फोर्कचा निकाल लागला होता, पण सायकल विकण्याबद्दल त्या काहीच बोलल्या नव्हत्या, आणि विचारायची मला भीती वाटत होती.

नाशिकला आल्यावर दुसऱ्या एका दुकानात फोर्क उघडून घेतला. आतून तेल, वाळू आणि काळ्या धुळीचा लगदा निघाला. सफाई, नवे सील आणि योग्य ते ग्रीस, सगळं नव्या फोर्कच्या पाव किमतीत झालं. मेकॅनिक म्हणाला, एक-दोन वर्षं सहज चालेल, दर पावसाळ्यानंतर उघडून घ्या. घरी येताना ताई डांबर सोडून मुद्दाम कडेच्या खडीतून चालवत होत्या. सिग्नलला थांबलो तेव्हा मला राहवेना.

"ताई, सायकल विकू नका. तुम्ही नसाल तर मी चालवणार नाही. मला एकटीला नाही आवडत."

ताईंनी पाय जमिनीला टेकवला. "अगं, मला वाटायचं मी तुला अडकवून ठेवते. परवा तलासरीला तू किती हळू चालवत होतीस. म्हटलं, म्हातारी बाजूला झाली की ही मोकळी होईल."

म्हणजे फोर्क दुरुस्त झाला असता, नसता, त्या तरीही थांबल्याच असत्या. आणि मी तीन दिवस फक्त फोर्ककडे बघत होते.

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजायला लागले. "चल, पुढे हो," ताई म्हणाल्या. "आणि जोरात चालव. मी येते मागून."