शीबाई आणि कोठारातलं शून्य

तिला सगळे शीबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही, कारण ते खोटं नव्हतं. कोणाचंही काम तपासायला घेतलं की तिच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो "शी!" मग ती नाक मुरडायची, चष्मा वर सरकवायची आणि समोरच्याच्या कामाची अशी सालटी काढायची की माणूस पुन्हा आठवडाभर दिसायचा नाही.

दिवसा ती बस डेपोत नोकरी करायची. कुठली गाडी केव्हा सुटणार आणि कोण चालवणार हे ज्या कॉम्प्युटरवर ठरायचं, तो सांभाळणं तिच्याकडे होतं. खोलीला डिझेलचा वास, आणि कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये लोकांनी तसेच टाकलेले चहाचे कप. कपांच्या तळाशी चिकटलेल्या साखरेवर मुंग्या दिसल्या की तिच्या अंगावर काटा यायचा. संध्याकाळी घरी आली, की स्वयंपाकघराला लागून जी चिंचोळी जागा होती तिथे, वॉशिंग मशीन आणि खिडकीच्या मधे, तिचं दुसरं काम सुरू व्हायचं. खिडकीखाली शेजाऱ्यांचे कचऱ्याचे डबे होते. या दुसऱ्या कामाचा पगार नव्हता, आणि जीव मात्र त्यातच होता.

ते काम म्हणजे एक डेटाबेस. लोकांची माहिती नीट साठवून ठेवणारी आणि मागितली की काढून देणारी यंत्रणा. ती कोणाच्या मालकीची नव्हती. कोणीही फुकट घ्यावी, वापरावी, उघडून आत काय चाललंय ते बघावं, चुकलेलं दिसलं तर दुरुस्त करून पाठवावं. दवाखाने, दुकानं, वाचनालयं, सगळीकडे ती कोणाला न दिसता बसलेली होती. तिच्यावर काम करणारे तिला नुसतं 'कोठार' म्हणायचे. धान्यातले खडे निवडावेत तसे ही मंडळी देशोदेशी आपापल्या घरात बसून कोठारातल्या चुका निवडायची. दुसऱ्याच्या नजरेतून सुटलेला खडा नेमका शीबाईच्या दाताखाली यायचा.

कोठाराची एक रीत होती. दुरुस्ती पाठवताना वर दोन ओळी लिहायच्याच: 'मागणी कोणाची' आणि 'तक्रार कोणाची'. म्हणजे हे कोणाला हवंय, आणि यामुळे कोण ओरडणार आहे. 'मला वाटलं म्हणून' असं लिहिलेलं पहिल्याच दारातून परत यायचं. ही रीत आजोबांनी घातलेली. ज्यांनी कोठार पहिल्यांदा लिहिलं ते हे म्हातारे गृहस्थ. ते तिचे आजोबा नव्हते, कोणाचेच नव्हते, पण शेवटचा शब्द त्यांचा असायचा.

आता शीबाईला सगळ्यात जास्त किळस कशाची, तर कोठारातल्या शून्याची. एखाद्या रकान्यात फक्त आकडा येईल असं सांगून ठेवलंय, आणि तिथे कोणी शब्द आणून टाकला, तर कोठाराने काय करावं? कोणीही शहाणा म्हणेल, "हे मला कळलं नाही, परत घ्या." कोठार तसं म्हणायचं नाही. हूं की चूं न करता तो शब्द फेकून द्यायचं, त्या जागी शून्य लिहायचं आणि वर 'झालं' म्हणून सांगायचं.

"हे धडधडीत खोटं बोलणं आहे," ती नवऱ्याला म्हणाली. नवरा शाळेत विज्ञान शिकवायचा.

"माझी पोरं पण हेच करतात," तो म्हणाला. "उत्तर येत नसलं की शून्य लिहितात आणि खाली दोन रेघा मारतात. रेघा मात्र पट्टीने."

"मग तू काय देतोस?"

"मी पण शून्यच देतो."

तिला हसू आलं नाही. तिने दुरुस्ती लिहिली: जे कळलं नाही ते कोठाराने नाकारायचं, बस्स. त्यावर जो गदारोळ उठला तो बघून तिला वाटलं, आपण कोणाच्या ताटात हात घातला की काय. आमची दुकानं बंद पडतील. इतकी वर्षं चाललंय ना, मग आताच कोणाच्या पोटात दुखायला लागलं? एकाने तर लिहिलं की शून्याने आजवर कोणी मेलेलं नाही. आजोबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि तिला म्हणाले, "हे बघ, लोकांना खरं नको असतं. चालू हवं असतं."

शेवटी मधला मार्ग निघाला. मधले मार्ग नेहमी निघतात, आणि त्यावरून चालताना नेहमी पाय घाणीत जातो. कोठार शून्यच लिहील, पण सोबत कुठेतरी एक इशारा नोंदवून ठेवेल. इशाऱ्याचं वाक्य लिहायचं काम शीबाईकडेच आलं. तिने लिहिलं: 'किंमत समजली नाही. शून्य धरले आहे.' सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. ओकारीवर रुमाल टाकून पाहुण्यांना आत बोलवावं तसं तिला वाटलं. पण एकटी किती भांडणार? तिने तो घोट गिळला आणि दुसऱ्या कामाला लागली.

तिचे वडील थोरल्या भावाकडे राहायचे. आयुष्यभर त्यांनी शिवणयंत्रं दुरुस्त केलेली, आणि आता हातात काही काम नाही म्हणून ते घरच्यांना दुरुस्त करत बसायचे. त्यांना मधुमेह होता, आणि गोडाचा हव्यास त्याहून जुना होता. भावाने त्यांच्यासाठी एक मशीन आणलं होतं. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर टेकवायचा, की आकडा आपोआप मोबाइलमधल्या ॲपमध्ये जायचा. आठवड्याची सरासरी चांगली असली तर हिरवी, वाईट असली तर लाल.

एका रविवारी दुपारी ती गेली, तर वडील खुर्चीत झोपलेले. शेजारी पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या. ओठ सुकलेले, शर्टाच्या बाहीवर केकचा चुरा, आणि श्वासाला आंबूस-गोडसर असा वास की तिने तोंड फिरवलं.

"दादा, बाबा असे का झोपलेत?"

"ऊन आहे ना," भाऊ म्हणाला. "पण साखर बघ! इतकी छान कधीच नव्हती." त्याने कौतुकाने मोबाइल पुढे केला. सरासरी हिरवीगार होती.

"म्हणून तर सकाळी केक दिला," वहिनी म्हणाल्या. "किती दिवसांपासून मागत होते हो. मलाच मेलं वाईट वाटलं."

शीबाईने सरासरीखालचे एकेक आकडे उघडले. मोठा आकडा, मोठा आकडा, शून्य. पुन्हा मोठा आकडा. मग शून्य, शून्य, शून्य. साखर शून्य असलेला माणूस खुर्चीत झोपत नाही, तो तिरडीवर असतो. तिने वडिलांचं बोट धरलं, टोचलं, पट्टी लावली. मशीनवर आकडा आलाच नाही. साखर मोजता येण्यापलीकडे गेली की ते मशीन आकड्याऐवजी शब्द दाखवायचं: 'अति जास्त'. आणि मोबाइलवर टुणकन शून्य उमटलं. म्हणजे ॲपच्या पोटात कोठारच बसलेलं होतं. सरासरी आणखी हिरवी झाली.

"दादा, गाडी काढ," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

वडील वाचले. थोडा उशीर झाला असता तर नसते, असं डॉक्टरीणबाईंनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं. शीबाई तिथेच उभी होती, पण तिला एवढंच ऐकू येत होतं की शून्याने आजवर कोणी मेलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी डेपोत रजा टाकून ती ॲपवाल्याकडे गेली. व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर त्याचं ऑफिस. जिन्यात मोज्यांचा वास. ॲपवाला तरुण होता, नम्र होता, आणि त्याच्या की-बोर्डमध्ये इतके बिस्किटांचे तुकडे अडकले होते की तिने खुर्ची मागे घेतली.

"शून्य आलं तरी तुमची धोक्याची घंटा वाजत नाही?" तिने विचारलं.

"आधी वाजायची ना मॅडम. सारखी वाजायची. लोक वैतागले. म्हणून शून्याला घंटा बंद केली."

"आणि सरासरीत ते शून्य धरलं जातं?"

"हो, तिथे... तिथे राहिलंच ते."

"शी! आणि कोठार जे इशारे नोंदवतं, ते कोण वाचतं?"

"कसले इशारे?"

तिने त्याला ते कुठे असतात ते दाखवलं. त्याने उघडले. पडदा भरून एकच वाक्य खालपर्यंत धावत गेलं, घरोघरच्या म्हाताऱ्यांच्या नंबरांसमोर तेच. त्यात एके ठिकाणी तिच्या वडिलांचा नंबर होता आणि त्याच्यापुढे: 'किंमत समजली नाही. शून्य धरले आहे.'

"हे कोणी लिहिलंय हो?" ॲपवाला म्हणाला. "'धरले आहे' म्हणे! हे वाचून माणसाला वाटणारच की यांनी बघून घेतलंय, आपण कशाला बघा."

"मी लिहिलंय," शीबाई म्हणाली. तिला स्वतःच्या हातांची किळस आली. खाली उतरताना तिने कठड्याला हात लावला नाही.

घरी येऊन तिने आजोबांना फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं.

"तुम्ही शून्यच का निवडलंत?" तिने विचारलं.

"तेव्हा वाटलं, शून्याने कोणाचं काय बिघडणार?" त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "तुझी जुनी दुरुस्ती पाठव. या आवृत्तीत घेऊ. तक्रार कोणाची लिहिशील?"

"सगळ्यांची."

"बरोबर आहे. फक्त एक खटका ठेव. ज्यांना जुनी सवय हवीच असेल, त्यांनी तो दाबावा. एकदम सगळ्यांचं दार लावून घेऊ नये गं."

तो खटका तिला मुळीच आवडला नाही. पण हाती आलेलं घालवायचं नव्हतं, म्हणून ठेवला. नवी आवृत्ती बाहेर पडली आणि शिव्यांचा पाऊस सुरू झाला. फुकटचं खाणाऱ्यांची जीभ जास्त लांब असते. कोणी तिला अर्धवट म्हटलं, कोणी तिला नवरा आहे की नाही याची चौकशी केली. नवऱ्याने ते वाचलं आणि उत्तर द्यायला बसला. तिने त्याच्यापुढून की-बोर्ड ओढून घेतला. ॲपवाल्याने मात्र कळवलं की त्याने नवी आवृत्ती बसवली आहे. आता आकडा कळला नाही की ॲप अडतं आणि 'पुन्हा तपासा, डॉक्टरांना विचारा' म्हणतं. त्या रात्री ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

वडील घरी आल्यावर काही आठवड्यांनी ती पुन्हा भावाकडे गेली. वडील खुशीत होते. चेहरा उतरलेला, पण खुशीत.

"ये पोरी! बघ, मशीन सुधारलं की नाही."

त्यांनी स्वतःच बोटाला टोचून दाखवलं. मशीनवर आलं, 'अति जास्त'. मोबाइलवर आलं, शून्य. हिरवं.

वहिनी इंजेक्शन आणायला धावल्या. शीबाईने तिथल्या तिथे ॲपवाल्याला फोन केला. "तो खटका तुम्ही दाबलात?"

"मॅडम, काय करू? ॲप अडतंय म्हणून तक्रारी यायला लागल्या. एका ओळीचं काम होतं. दाबला."

"कोणाच्या तक्रारी? माणसं मरतील अशाने!"

"पहिली तर तुमच्या वडिलांचीच होती. रोज फोन करायचे. म्हणायचे, पूर्वी कसं गुपचूप चालायचं, आता उठसूट डॉक्टर डॉक्टर करतं, बिघडवून ठेवलंत तुम्ही."

तिने फोन ठेवला आणि वडिलांकडे पाहिलं. ते उशीखालचं बिस्किट हळूच तोंडात टाकत होते. चुरा हनुवटीवरून छातीवर सांडला.

"बाबा, शी!" ती म्हणाली. "अहो, तुम्ही मरत होतात!"

"पण चालू होतं ना सगळं?" वडील चावता चावता म्हणाले. "चालू मशीनला कधी हात लावू नये. तुला लहानपणीच शिकवलं होतं."

तिने त्यांच्या हातातलं उरलेलं बिस्किट काढून घेतलं, रुमालाने त्यांची हनुवटी पुसली, इंजेक्शन होईपर्यंत त्यांचा दंड धरून ठेवला. मग घरी येऊन वॉशिंग मशीन आणि खिडकीच्या मधे बसली आणि कोठारातून तो खटका मुळासकट उपटून टाकणारी दुरुस्ती लिहिली. जुनी सवय आता कोणालाच परत मिळणार नव्हती. सगळं तपासून झाल्यावर वरच्या दोन ओळी तेवढ्या राहिल्या होत्या. त्या तिने भरल्या आणि आजोबांना पाठवल्या.

मागणी कोणाची: कोणाचीही नाही.

तक्रार कोणाची: माझ्या वडिलांची.